दातवणाखालची दाढ

नागपुरात त्या काळी दाढ दुखू लागली की माणूस तीन दारं फिरून मग माझा जिना चढत असे. पहिलं दार घरच्याच फडताळाचं, कारण लवंग तिथे असायची. दुसरं गल्लीतल्या मांत्रिकाचं. तो गालावरून हात फिरवत काहीतरी पुटपुटे, कानात कसलासा धूर सोडी आणि दाढेतला किडा बाहेर पडला म्हणून सांगे. तिसरं बुधवार बाजारातल्या दात उपटणाऱ्याचं. हा गृहस्थ चादर अंथरून बसे आणि आजवर उपटलेल्या दातांची रास पुढ्यात मांडून ठेवी. माझ्या भिंतीवर कलकत्त्याची पदवी काचेत लावलेली होती, पण त्या राशीपुढे तिचा काही प्रभाव पडत नसे. तिन्ही दारं फिरून झाली, गाल सुजून डोळा झाकला, की मग लोक म्हणत, चला, आता डाक्टरकडे जाऊन पाहू.

माझा दवाखाना इतवारीत, तांब्यापितळेच्या भांड्यांच्या दुकानावरच्या माडीत होता. खाली दिवसभर ठोकाठोक चाले. सुरुवातीला मला तिचा फार वैताग आला. दुकानदाराला मी तसं बोलून दाखवलं, तर तो म्हणाला की तुमचे पेशंट ओरडतात ते माझ्या गिऱ्हाइकांना ऐकू येत नाही, यातच तुमचं भलं आहे. त्याचं म्हणणं मला पटलं. दाताला भोक पाडायचं यंत्र तेव्हा पायानं चालवावं लागे, शिवणयंत्रासारखं. त्याचा वेग माझ्या पायावर अवलंबून असे आणि माझा पाय मी दुपारी काय जेवलो त्यावर. पुरणपोळीच्या दिवशी मी दाढांची कामं घेत नसे.

गिऱ्हाइकं एकेक अशी की सांगता सोय नाही. नरखेडकडचे एक मालगुजार होते, संत्र्यांच्या बागा असलेले. ते आले तेच बरोबर मुनीमजींना घेऊन. मी खुर्चीकडे हात केला तर मालगुजारांनी मुनीमजींना बसवलं आणि म्हणाले, "आधी याचा एक दात काढून दाखवा. याले दुखलं नाही त मंग मी बसतो." मुनीमजींची बत्तिशी ठणठणीत होती. ते बिचारे डोळे मिटून, खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेसुद्धा. मी त्यांचे दात नुसते घासूनपुसून स्वच्छ केले आणि थोडं जास्तच खुडबुड करून त्यांना उठवलं. मुनीमजी हसत उठले. त्या हसण्यावर भरवसा ठेवून मालगुजार बसले आणि त्यांची दाढ निघाली. पुढे कित्येक वर्षं मृगाच्या बहाराची संत्री आमच्या घरी येत, पण ती पाठवायचे मुनीमजी.

हे सगळं गमतीचं झालं. पण आमच्या धंद्यात एक दुःख होतं आणि ते मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही. मी शिकलो होतो दात वाचवायला आणि नागपुरात माझा सगळा दिवस दात काढण्यात जाई. लोकांची समजूत अशी की दुखणारा दात म्हणजे फितूर झालेला माणूस, त्याला घराबाहेर काढलं की झालं. मी म्हणायचो, अहो, हा वाचेल. ते म्हणायचे, वाचवून काय कराचं त्याले?

वाचवायचा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. दात हलू लागतात, हिरड्यांतून पू येतो, तोंडाला घाण वास येतो, त्याला तेव्हा सगळेच पायोरिया म्हणत. दातावर चुन्यासारखा थर साचतो, तो हिरडीच्या खाली उतरतो, हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खिसा तयार होतो. त्या खिशात घाण साचून ज्या हाडात दात रोवलेला असतो ते हाडच झिजत जातं. पुढच्या दाताला एकच मूळ असतं. वरच्या दाढेला मात्र तीन मुळं असतात, तिवईच्या पायांसारखी. रोग या पायांच्या मधल्या बेचक्यात शिरला की तिथे ना काडी पोहोचत, ना ब्रश, ना औषध. वरून दाढ चांगली दिसते आणि आतून तिचा एक पाय सडत असतो.

अशा दाढेवर एक शस्त्रक्रिया आहे. आधी दाढेतली नस मारून आतली पोकळी भरून घ्यायची. मग हिरडी कापून पडद्यासारखी वर उचलायची, आतली घाण खरवडून काढायची, आणि तीन मुळांपैकी जे सडलं असेल तेवढंच कापून बाहेर काढायचं. दाढ उरलेल्या दोन मुळांवर उभी राहते. हिरडी परत खाली आणून टाके घालायचे. कलकत्त्याला आमचे गुरुजी ही शस्त्रक्रिया करत असताना मी त्यांच्या शेजारी उभा होतो. ते म्हणाले होते की दात काढायला मनगट लागतं, ठेवायला डोकं लागतं. नागपूरला येऊन मी ते डोकं बरीच वर्षं नुसतं वागवत होतो. अशी शस्त्रक्रिया करवून घ्यायला कोणी तयारच होत नसे.

दुसरं माझं वैर होतं दातवणाशी. आजच्या मुलींना हा शब्दही माहीत नसेल. हिराकस, हिरडा, माजूफळ असं कायकाय कुटून केलेली ही काळी पूड बायका रात्री दातांना लावत. वर्षानुवर्षं लावून दात जांभळासारखे काळेभोर, चकचकीत होत. ते सवाष्णीचं लेणं होतं, कुंकवासारखंच. नवरा गेला की बाईनं दातवण सोडायचं. शिकलेल्या घरांतून ते तेव्हा जाऊ लागलं होतं, पण विणकरांच्या वस्तीत घरोघर होतं. दातवणाच्या काळ्या थराखाली चुन्याचा थर किती साचलाय ते बाईला दिसतच नसे. म्हणून मी जिथे संधी मिळेल तिथे त्याविरुद्ध बोलत असे. हळदीकुंकवाच्या समारंभात जाऊनसुद्धा बोललो आहे. बायका वाण घेऊन, तोंडाला पदर लावून हसत घरी जात.

या वैराला दुसरंही एक कारण होतं. माझी आत्या विधवा झाली तेव्हा मी लहान होतो. कुंकू एका बोटानं पुसलं गेलं, बांगड्या एका दगडावर फुटल्या, पण दातांचं काळं काही जाईना. आत्या मागच्या अंगणात बसून विटेच्या पुडीनं दात घासत होती आणि चूळ लाल येत होती. ती लाल चूळ मी विसरलेलो नाही. मी दातांचा डॉक्टर का झालो असं लोक विचारत तेव्हा मी दुसरंच काहीतरी सांगत असे.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत एकदा दोन बायका माझा जिना चढून आल्या. पुढे सासू, मागे सून. सासू वाळलेली, ताठ, तोंडात एकही दात नाही. सून चाळिशीच्या आतबाहेरची, डावा गाल टम्म सुजलेला, डोळ्यांतून पाणी. सुनेचं नाव भागरताबाई. घर कोष्ट्यांचं, धंदा लुगडी विणायचा. लढाईमुळे सूत मिळेनासं झालं, माग बंद पडला, म्हणून भागरताबाईचा नवरा आसामकडे पलटणीसाठी रस्ते बांधायच्या कामावर गेला होता. सुरुवातीला त्याच्या खुशालीची कार्डं येत. मग ती थांबली होती. हे सगळं सासूनंच सांगितलं. सून तोंड उघडायच्या स्थितीत नव्हती.

मी तपासलं. वरची डावी दाढ, तीनपैकी मागच्या बाहेरच्या मुळाभोवती हाड जवळजवळ गेलेलं, बेचक्यातून पू येत होता. बाकी दोन मुळं भक्कम होती. मी मनात म्हटलं, हीच ती दाढ. पण तोंडानं मी नेहमीचंच विचारलं, काढायची का? त्यावर सासू बाकावरून उठून माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"डाक्टरसाहेब, दोन गोष्टी आयकून घ्या. दाढ पाडाची नाही अन् दाताचं काळं काढाचं नाही. माहा पोरगा तिकडं परमुलखात हाये. तो घरी नसताना सुनेच्या तोंडातून हाड पडलं, हे मले नाही चालत. अन् काळं काढाले तिचा नवरा काही मेला नाही."

पहिली अट ऐकून मला काय आनंद झाला ते सांगता येत नाही. दाढ ठेवा म्हणणारं माणूस मला नागपुरात पहिल्यांदा भेटत होतं. दुसरी अट ऐकून कपाळावर आठी चढली. शस्त्रक्रियेआधी सगळं तोंड घासून स्वच्छ करायचं हा नियम, आणि इथे तर पुढचे दात शाईत बुडवून काढल्यासारखे. मी म्हाताऱ्या बाईंना माझं हळदीकुंकवातलं भाषण ऐकवलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि सुनेला म्हणाल्या, "चाल वं, घरी जाऊ." भागरताबाई उठलीसुद्धा. सुजलेला गाल हातानं सावरत ती निघाली तेव्हा माझाच धीर सुटला. मी म्हटलं, बसा. पुढचे दात राहू देतो. मागे जिथे हात घालायचाय तेवढंच साफ करतो. हसलं बोललं तरी तिथलं कोणाला दिसत नाही.

सासूनं विचार केला आणि मान हलवली. अर्धवट धुतलेल्या तोंडात शस्त्रक्रिया करायला निघालेला मी बहुधा पहिलाच. गुरुजींना कळलं असतं तर त्यांनी माझी पदवी काचेतून काढून घेतली असती.

आधी सूज उतरवली. मग काही बैठकांत नस मारून पोकळी भरली. दर खेपेला सासू बरोबर असे. दाराशी एक लाकडी बाक होतं, त्यावर ती बसे आणि काम संपलं की सुनेला म्हणे, "दाखव वं." भागरताबाई तिच्यापुढे जाऊन पदर खाली घेई आणि तोंड उघडून दाखवी. म्हातारी आत डोकावून काळं जागेवर आहे ना ते बघे, समाधानानं हुं करे आणि मग दोघी जिना उतरत. आमच्या कंपाउंडरला याची फार गंमत वाटे. मला राग येई. दवाखाना माझा आणि कामाची तपासणी हिची.

शस्त्रक्रियेच्या आदल्या खेपेला मी भागरताबाईला कागदावर चित्र काढून समजावलं की तीन मुळांतलं एक जाईल, दोन राहतील. ती बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. मग पदराआडून म्हणाली, "एक खुंट कापून दोनावर उभी ठेवसान? वर तेवढंच वजन येईन ना?" मी म्हटलं, येईल, पण दाढेचा माथा मी जरा घासून हलका करीन. तिला ते पटलं. तिनं आणखी एक विचारलं, टाके कशानं घालणार. रेशमानं, मी सांगितलं, पण लढाईमुळे चांगलं रेशीम येत नाही, जे आहे ते तुटकं आहे. पुढल्या खेपेला तिनं कमरेच्या चंचीतून कोऱ्या रेशमाची छोटी लड काढून माझ्यासमोर ठेवली. लुगड्याच्या काठासाठी आणलेलं, रंग न दिलेलं, बारीक आणि सारखं. मी ते उकळून घेतलं आणि वापरलं. इतकं चांगलं रेशीम मला नंतर कधी मिळालं नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी मुद्दाम बेतानंच जेवलो. इंजेक्शन दिलं, हिरडी उचलली आणि आतलं बघून मला हायसं वाटलं. मी क्ष-किरणाशिवाय, नुसत्या सळईनं चाचपून जे ताडलं होतं तेच निघालं. सडलेलं मूळ पायाच्या यंत्रानं कापायला घेतलं. यंत्र मध्येच कुरकुरलं की मी पाय जरा थांबवी. भागरताबाई डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती. बाकावरून म्हातारीच मधूनमधून विचारे, "झालं का गा?" शेवटी मूळ सुटून चिमट्यात आलं. दाढ जागेवर उभी होती. मी बोटानं हलवून पाहिली, हलली नाही. मला कोणाला तरी मिठी मारावीशी वाटली, पण खोलीत कंपाउंडर आणि त्या दोघी. मी मुकाट्यानं टाके घालायला बसलो.

ते मूळ मी म्हातारीला दाखवलं आणि सांगितलं की हाड पाडलेलं नाही, फक्त कुजका भाग काढलाय. तिनं मुळाकडे पाहिलंही नाही. तिचं ठरलेलं होतं. "दाखव वं," ती म्हणाली. भागरताबाईनं बधिर ओठ हातानं वर करून काळे दात दाखवले.

जखम सुरेख भरली. भागरताबाई त्या बाजूनं भाकर चावू लागली, गाल भरला, आणि मी भेटेल त्याला ही दाढ ऐकवू लागलो. मित्र म्हणत, याला मुलगा झाला तेव्हासुद्धा एवढे पेढे वाटले नव्हते. त्या दिवसांचा विचार केला की अजूनही उल्हास वाटतो. तरुण होतो, हाताला यश आलं होतं, आणि खाली ठोकाठोक चालली असताना वर माडीत आपण काहीतरी मोठं केलंय असं वाटत होतं.

मग एक दिवस त्या दोघी आल्या त्या भागरताबाईच्या दिराबरोबर. भागरताबाईच्या कपाळावर कुंकू नव्हतं आणि हात मोकळे होते. मला काही विचारायची गरज उरली नाही. दिरानं सांगितलं की तिकडे नदी ओलांडताना नाव उलटली, प्रेत सापडलं नाही, पण माणूस गेला असं सरकारकडून कळलंय. जातीतल्या वडीलधाऱ्यांनी गवताचा पुतळा करून क्रिया उरकली होती. बाकी सगळं रीतीप्रमाणे झालं, फक्त दातांचं काळं निघत नव्हतं. विटेची पूड झाली, राख झाली. लोक नावं ठेवत होते. "तुमच्यापाशी मशीन हाये," दीर म्हणाला, "तुमी काढून द्या. वहिनीले त्रासबी नाही होणार."

इतकी वर्षं मी जशा तोंडांसाठी भांडलो होतो तसलंच एक तोंड आता माझ्या खुर्चीत येऊन बसलं होतं आणि स्वच्छ करा म्हणत होतं. मी सळई हातात घेतली. भागरताबाईच्या हिरड्या विटेच्या पुडीनं सोलून निघाल्या होत्या. मला अंगणातली लाल चूळ दिसली. मी तिला तोंड उघडायला सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिची नजर दाराकडे, बाकावर बसलेल्या सासूकडे गेली. म्हातारी त्या दिवशी पहिल्यांदाच काही बोलत नव्हती. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती नुसती सुनेच्या तोंडाकडे बघत होती. भागरताबाईनं ओठ घट्ट मिटून घेतले.

तिला अजून आशा आहे, प्रेत मिळालं नाही म्हणून तिचा जीव धरून बसलाय, असं मी समजलो. मी सळई खाली ठेवली. दिराला म्हणालो की या दाढेचं ऑपरेशन झालंय, हिरडी अजून नाजूक आहे. काळं काढलं तर दाढ हातात येईल आणि पू मेंदूपर्यंत जाईल. उलट या हिरडीला तुरट औषध रोज लागतं, ते मी देईन, बाईंनी ते रोज रात्री सगळ्या दातांना लावायचं. कोणी विचारलं तर डॉक्टरांचा हुकूम म्हणून सांगायचं.

दीर साधा माणूस होता, घाबरला. "म्हणजे दातवणच ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, दातवण नाही, औषध. मागच्या खोलीत जाऊन मी कंपाउंडरला सांगितलं की हिराकस, हिरडा आणि माजूफळ आण. तो माझ्याकडे बघतच राहिला. ज्या माणसानं दातवणावर भाषणं ठोकली, तो थोड्याच वेळात खल घेऊन दातवण कुटत बसला होता. ती पूड मी दवाखान्याच्या बाटलीत भरली, तिला बूच बसवलं आणि वर लाल चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर लिहिलं, 'दाढेचे औषध.'

त्या दिवशी जाताना म्हातारीनं अगदी हळू आवाजात म्हटलं, "दाखव वं." भागरताबाईनं दाखवलं. म्हातारी उठली आणि पहिल्यांदाच माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली.

या खोट्याची मला पुरेपूर किंमत मोजावी लागली. भागरताबाई दर काही महिन्यांनी रिकामी बाटली घेऊन येई, सासूही येई, आणि ही गोष्ट सगळ्या इतवारीत पसरली. सवाष्णी बायका जिना चढून येत आणि सांगत की डाक्टरसाहेब, तुमचं ते काळं औषध आम्हालेबी द्या, कोष्ट्याच्या बाईची हलती दाढ त्यानं बसली म्हणतात. मी दातवण वाईट म्हणायला तोंड उघडलं की त्या बाटलीकडे बोट दाखवत. हळदीकुंकवाची आमंत्रणं बंद झाली. कामठीचा माझा एक दंतवैद्य मित्र मला भेटला की आधी विचारी, काय हो, कारखाना कसा काय चालला आहे? मी हसून वेळ मारून नेई. पण भागरताबाई आली की प्रत्येक वेळी मी तिची दाढ बघे आणि ती उभी असे.

स्वराज्य आलं. इतवारीत दिवे लागले, माग पुन्हा सुरू झाले. दिरानं घरातला माग चालवायला घेतला. त्यानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी भागरताबाई एकटी आली. मी नेहमीप्रमाणे बाटलीसाठी हात पुढे केला, तर तिच्या हातात बाटली नव्हती. ती सरळ खुर्चीत जाऊन बसली.

"आता काढा जी सारं," ती म्हणाली.

माझ्या तोंडून तिच्याच बोलीत निघून गेलं, "काहून?"

"बुढी गेली." म्हणजे सासू; आमच्याकडे सासूला, आईलाही मायेनं बुढी म्हणतात. तेरावा होऊन गेला होता. मी म्हटलं, वाईट झालं, पण आता काळं काढायची काय घाई आहे? लोक काही म्हणत नाहीत. तुमच्या मनात आशा असेल तर राहू द्या. माझं औषध आहेच.

भागरताबाई पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलली. "माह्या मनात काही नव्हतं डाक्टरसाहेब. ते गेले, हे मले कागद आला त्याच दिवशी समजलं. पण बुढी रोज सकायी उठून माह्या तोंडात पाहे. तिचा पोरगा तिले तिथंच दिसे. मंग कसं पुसू, तुमीच सांगा."

इतकी वर्षं मी त्या तोंडात आरसा घालून बघत होतो, आणि त्या तोंडात काय होतं ते मला कधी कळलं नव्हतं.

मी काम सुरू केलं. घाई केली नाही. एकेक दात घेतला, थोडं थोडं काढलं, हिरडीला धक्का लागू दिला नाही. चूळ लाल येऊ नये एवढंच माझ्या मनात होतं, आणि ती आली नाही. काळ्याखालचे दात चांगले निघाले, थोडे पिवळट पण निरोगी. दोन पायांवरची दाढ मी शेवटी पाहिली. ती जशीच्या तशी होती. मग भागरताबाईच्या हातात आरसा दिला. तिनं बराच वेळ पाहिलं आणि आरसा पालथा घालून मांडीवर ठेवला. "मले मीच ओळखू नाही येऊन राहिली," ती म्हणाली. मग डोळे पुसून उठली. दाढ सांभाळा, असं काहीतरी मी म्हणालो. तिनं मान हलवली.

दाराशी ते बाक होतं. त्याच्यापर्यंत गेल्यावर भागरताबाई थांबली. तिनं पदर खाली घेतला, किंचित वाकली आणि रिकाम्या बाकापुढे तोंड उघडून दाखवलं. इतक्या वर्षांची सवय होती. मग तिच्या लक्षात आलं. तिनं तोंड मिटलं, पदर सावरला आणि जिना उतरून गेली.

दवाखाना बंद करेपर्यंत ते बाक मी तिथून हलवलं नाही.